चर्चऐक्याची स्थानिक थिऑलॉजी मांडताय? या चुका टाळा

गाडी अडते ती पहिल्याच बैठकीत, कारण कुणीतरी प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीचा, विषय काढतं. कॅथलिक नियमांनुसार प्रोटेस्टंट सभासदाला मिस्सात, म्हणजे कॅथलिक उपासनेत, एरवी ख्रिस्तशरीर (ती पवित्र भाकर) देता येत नाही. ठाण्यातले फादर आणि पाळक कितीही एकदिलाने बसले तरी हा नियम त्यांच्या हातात नाही. म्हणून सुरुवात बाप्तिस्म्यापासून करा. पाण्याने, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा कॅथलिक आणि सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंटांचं संयुक्त चर्च) एकमेकांचा मान्य करतात. पेंटेकॉस्टल मंडळ्या मात्र बालबाप्तिस्मा धरत नाहीत, मोठेपणी पुन्हा पाण्यात उतरवतात. खरा पेच इथे आहे, तेव्हा पहिल्या दोन-तीन बैठका यालाच द्या. १९७० साली नागपुरात सहा चर्च मिळून सीएनआय झालं, तेव्हा बालांचा आणि प्रौढांचा, दोन्ही बाप्तिस्मे एकाच छताखाली ठेवले गेले. ती तडजोड कशी बसवली ते आधी वाचा, बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवापद यांवरचा जागतिक चर्च परिषदेचा १९८२ चा लिमा मसुदा नंतर.

दुसरी चूक नवी मुंबईत हमखास होते: मल्याळी चर्चचा एकच गठ्ठा बांधणं. सिरो-मलबार चर्चचे लोक रोमशी जोडलेले, म्हणजे पोपना मानणारे आहेत, त्यांचा कल्याण धर्मप्रांत १९८८ चा. ऑर्थोडॉक्स आणि मार थोमा तसे नाहीत. नायसीन क्रीड या श्रद्धेच्या जुन्या कबुलीत पवित्र आत्मा कुठून येतो ते सांगताना ऑर्थोडॉक्स ‘पित्यापासून’ एवढंच म्हणतात, ‘आणि पुत्रापासून’ नाही.

शब्दांचं तर विचारूच नका. १८ ते २५ जानेवारीच्या ऐक्य सप्ताहात प्रभूची प्रार्थना सुरू होते, ‘वाइटापासून सोडव’पाशी कॅथलिक बाकं थांबतात आणि प्रोटेस्टंट ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ म्हणत पुढे जातात. अर्धं सभागृह गप्प. मिस्सात ती ओळ आहे, पण मध्ये फादरांची प्रार्थना येते, म्हणून थांबायची सवय. कुठवर म्हणायचं ते आधी ठरवून पूर्ण पाठ कागदावर छापा.

इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू करणं ही आणखी एक खोड. १३२१ साली ठाण्यात कॅथलिकांच्या फ्रान्सिस्कन संघाचे चार साधू मारले गेले. त्यांच्या अस्थी पुढे चीनपर्यंत नेणाऱ्या ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाच्या वृत्तांतात ठाण्यात नेस्तोरियन, म्हणजे रोमपासून वेगळ्या पूर्वेकडच्या चर्चच्या, ख्रिस्त्यांची १५ घरं नोंदलेली आहेत, आणि साधू उतरले होते त्यांच्यापैकीच एकाकडे. स्थानिक मांडणीला याहून जवळचा धागा मिळणार नाही. मात्र तोच वृत्तांत त्या यजमानांना पाखंडी म्हणतो. तुमच्या मसुद्यात पाहुणचार घेतलात तर तो शब्दही घ्या.