व्हिएन्नातली म्युझियम्स : दार आणि वार सांभाळा

व्हिएन्नाहून परतलेल्यांना विचारा, चित्रं कळली नाहीत अशी तक्रार फारसं कुणी करत नाही. ‘नेमकं बंद होतं’ आणि ‘भलत्याच दारात तासभर उभे होतो’, रडगाणं हेच. पहिल्या खेपेला आमचंही तेच झालं.

आधी वार. कुन्स्टहिस्टोरिशेस, म्हणजे कलेच्या इतिहासाचं म्युझियम, सोमवारी बंद. फक्त जून ते ऑगस्ट रोज उघडं. चित्रकार एगॉन शीलेच्या चित्रांसाठी लिओपोल्ड म्युझियमला जाल, तर तिथली सुट्टी मंगळवारी. दोन्ही चालत काही मिनिटांवर, म्हणून आपण एकाच दिवशी उरकायला जातो आणि तो दिवस हमखास सोमवार निघतो. निघायच्या आदल्या रात्री त्या त्या म्युझियमची वेबसाइट बघाच. जमलं तर कुन्स्टहिस्टोरिशेससाठी गुरुवारची संध्याकाळ ठेवा. त्या दिवशी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं आणि टूरवाल्यांच्या बस तोवर गेलेल्या असतात.

आता दार. राणी मारिया थेरेसियाच्या पुतळ्याच्या दोन बाजूंना दोन जुळ्या इमारती आहेत, घुमटासकट सारख्या. एकीत चित्रं (हेच कुन्स्टहिस्टोरिशेस), दुसरीत, म्हणजे निसर्ग-इतिहासाच्या म्युझियममध्ये, डायनोसॉरचे सांगाडे. रांगेत लागण्याआधी पाटी वाचा. (चुकून डायनोसॉरांकडे गेलात तर विलेनडॉर्फची व्हीनस, ती अश्मयुगातली चिमुकली मूर्ती, तरी बघून या, चुकीचं चीज होईल.)

ग्रंथालयाच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा. फोटोत दिसतं ते भव्य दालन, म्हणजे राष्ट्रीय ग्रंथालयाचा प्रुंकझाल, योझेफ्सप्लाट्झच्या बाजूने आहे. नकाशावर नुसतं ‘नॅशनल लायब्ररी’ टाकलं, तर तुम्ही हेल्डनप्लाट्झला पोचण्याची शक्यता जास्त. तिथे वाचनालय आहे, अभ्यास करणारी पोरं आहेत. प्रुंकझाल 1720च्या दशकात बांधला. लांबी जवळजवळ 78 मीटर, पुस्तकं सुमारे दोन लाख. त्यांना हात लावता येत नाही, हे मनाशी धरूनच जा. तिकीट काढून आत गेल्यावर ‘वाचायचं कुठे?’ म्हणणारे काका मी पाहिलेत.

बेल्व्हेडेर राजवाडेही दोन आहेत, वरचं आणि खालचं. चित्रकार क्लिम्टचं ‘चुंबन’ वरच्यात. तिकिटावर वेळ छापलेली असते, ती चुकवू नका. आणि त्याच्याच चित्रातली सोनेरी आडेल ब्लोख-बाउअर तिथे शोधू नका, ती 2006 पासून न्यूयॉर्कला आहे.

आल्बर्टिना म्युझियममध्ये असाच एक मुखभंग ठरलेला. जर्मन चित्रकार ड्यूररचा 1502चा ससा पाहायला लोक येतात, पण मूळ जलरंग उजेडाने खराब होतात म्हणून तो बहुतेक काळ अंधारात जपलेला असतो. काही वर्षांतून एकदा, थोड्या दिवसांसाठी बाहेर निघतो. एरवी दुकानातल्या चुंबकांवरच भेटतो.

आपल्याकडच्या मंडळींची खास चूक म्हणजे तळमजल्यापासून सुरुवात करणं. पैसे दिलेत ना, मग सगळं बघायचं! कुन्स्टहिस्टोरिशेसमध्ये खाली इजिप्तच्या ममी आणि रोमन पुतळे आहेत. त्यांत दोन तास गेले, की वर सोळाव्या शतकातल्या ब्रॉइगलच्या चित्रांपर्यंत पोचेतो गुडघे बोलायला लागतात. त्यापेक्षा सरळ जिना चढा. चढताना मान वर करा, खांबांच्या मधल्या जागेत तरुणपणीच्या क्लिम्टने रंगवलेल्या आकृत्या आहेत. शेकडो लोक त्यांच्याखालून मोबाइल बघत जातात. मग ब्रॉइगलच्या दालनात बाकावर बसा. त्याची डझनभर चित्रं इथे आहेत, जगात दुसरीकडे कुठे एकत्र इतकी नाहीत. ‘बर्फातले शिकारी’ हे 1565चं चित्र दुरून सुंदर वाटतं, पण जवळ गेलात तर खाणावळीची पाटी एका आकड्यावर लोंबकळतेय, बाहेर काही जण जाळावर काहीतरी भाजतायत आणि खाली गोठलेल्या तळ्यावर मुंगीएवढी माणसं खेळतायत. एका चित्रापुढे वीस मिनिटं गेली तरी चालतील. ममी राहिल्या तर राहिल्या.

मुलं बरोबर असतील तर त्यांची तिकिटं विकत घेऊ नका. एकोणीस वर्षांखालच्यांना राष्ट्रीय म्युझियम्समध्ये प्रवेश मोफत असतो. फक्त वयाचा पुरावा जवळ ठेवा.

पाठीवरची सॅक आणि छत्री बाहेर ठेवायला सांगतात, वाद घालू नका. पासपोर्ट आणि औषधं आधीच खिशात काढून घ्या. सॅकमधला चिवडा-दशम्यांचा डबा आत उघडता येत नाहीच. प्रुंकझालच्या मागे बुर्गगार्टन आहे, तिथे बाकं भरपूर आहेत.