बोअर केलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करताना

गेल्या महिन्यात वडणग्याचे एक मामा जुनी स्प्लेंडर घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या गॅरेजवर आले. रोज पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून गंगावेशीची फेरी. सायलेन्सरमधून निळा धूर, ऑइल सारखं कमी होतंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ब्लॉक उतरवून बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या गोल भोकाच्या, वरच्या कडेला नख फिरवलं, तर अडलं. नख अडलं की पिस्टनच्या नुसत्या रिंगा बदलून भागत नाही, बोअर करावाच लागतो, म्हणजे ते भोक थोडं मोठं कापून मोठा पिस्टन घालायचा.

खोलायच्या आधी इंजिन बाहेरून रॉकेलनं धुवा, नाहीतर सगळी माती आत. मॅग्नेटचं टी मार्क (पिस्टन अगदी वर आल्याची खूण) खुणेला लावूनच कॅमचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, चक्र काढा. टायमिंग चेन तारेनं बांधून ठेवा, खाली घसरली की अर्धा तास गेलाच. हेडच्या चार नटांपैकी तांब्याचा वॉशर कुठल्या नटाखाली होता त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

लेथवाल्याकडे ब्लॉक एकटा पाठवू नका. पिस्टन आधी विकत घ्या, तो त्याच्या हातात द्या, मग त्या पिस्टनच्या मापानं बोअर करू दे. मूळ बोअर ५० मिलिमीटरचा, मामांना ०.२५ मिलिमीटर वाढीव पिस्टन लागला. ब्लॉक परत आल्यावर आत होनिंगच्या (बोअर आतून दगडानं घासण्याच्या) तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दिसल्या पाहिजेत. ऑइल त्या रेघांतच धरून राहतं.

आता बहुतेक जण जे करत नाहीत ते सांगतो. बोअर पेट्रोलनं पुसून साफ होत नाही. होनिंगची बारीक पूड रेघांत बसलेली असते. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन घासा, कोरडा करा, पांढरं सुती फडकं ऑइलमध्ये बुडवून आतून फिरवा. फडकं करडं निघालं तर पुन्हा धुवा. मामांच्या ब्लॉकला चार वेळा धुवावं लागलं. फडकं पांढरंच निघालं की लगेच ऑइलचा हात फिरवा, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळी हवेत बघता बघता गंज धरतो.

प्रत्येक रिंग आधी एकटी बोअरमध्ये घालून फिलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) तोंडाची, म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधली, फट बघा. रिंगांवरचं अक्षर वरच्या बाजूला, तोंडं एकाखाली एक न येता फिरवून. पिस्टनवरचं आयएन कार्बोरेटरच्या बाजूला. पिस्टनच्या पिनचं लॉक नवंच घाला आणि घालताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा. लॉक आत पडलं तर इंजिन पुन्हा उतरवायची पाळी.

टायमिंग लावल्यावर मॅग्नेटच्या नटाला पाना लावून हातानं दोन पूर्ण फेरे द्या. कुठं अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोय, टायमिंग परत बघा. इंजिन थंड असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, लावा, गेजची पट्टी किंचित अडत सरकली पाहिजे.

आणि मग किक, पण प्लग काढून, चावी बंद ठेवून. शिकत होतो तेव्हा मी घाईनं असंच एक इंजिन कोरडं चालू केलं. वर ऑइल पोचायच्या आत कॅम घासला. माझ्या मेस्त्रींनी गिऱ्हाइकाला नवा कॅम स्वतःच्या पैशानं घालून दिला, मला एक शब्द बोलले नाहीत. घासलेला कॅम तेवढा माझ्या हातात ठेवला. तो अजून माझ्या टूलबॉक्समध्ये आहे. म्हणून १०डब्ल्यू३० ऑइल भरा, वरचं टॅपेटचं झाकण उघडं ठेवा आणि सावकाश किका मारत राहा. रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्टीवर) ऑइल चमकताना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. मामा शेजारी उभे राहून "मेस्त्री, आवाज तरी ऐकू दे" म्हणत होते. मी त्यांना टॉर्च धरायला लावला आणि ऑइल वर येताना दाखवलं.

मग प्लग, झाकण लावून चालू करा. सुरुवातीला थोडा धूर येणारच, जोडताना लावलेलं ऑइल जळतं. एक्सिलेटर पिळू नका, पण एकाच जागी आयडलवर तापत ठेवू नका. दोन-तीन मिनिटांनी बंद, हात लावण्याइतकं थंड, पुन्हा चालू. असं दोन-तीनदा झाल्यावर रस्त्यावर काढा. रिंगा बसतात त्या एक्सिलेटर कमी-जास्त केल्यानं. पहिले ५०० किलोमीटर जोतिबाचा घाट नको, ट्रिपल सीट नको, मामांना तर एकच कॅन लावा म्हणून बजावलं होतं.

काल ते ५०० पुरे करून आले. गरम इंजिनाचं ऑइल पांढऱ्या थाळीत काढलं. बारीक चमक होती, तेवढी नव्या रिंगांची असतेच. चिमटीत चोळून बघितलं, कण लागला नाही. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर काजळी कोरडी निघाली, म्हणजे ऑइल जळत नाही. नवं ऑइल भरलं आणि दुसरा कॅन लावायला परवानगी दिली.