चुन्याच्या निवळीपासून सुरुवात

सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत मी आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. बी.एड. करून पहिल्यांदा वर्गावर गेले तेव्हा संयुजांचा (कोणत्या मूलद्रव्याचा अणू किती बंध जोडतो याचा) तक्ता फळ्यावर लिहायचा आणि तो पाठ करून घ्यायचा म्हणजे रसायनशास्त्राचा पाया पक्का झाला, अशी माझी समजूत होती. मुलांनी तक्ता पाठ केला, सहामाहीत गुणही मिळवले. मात्र बोअरच्या पाण्याने बादलीला आतून पांढरा थर का धरतो, असे विचारल्यावर त्या तक्त्याचा या प्रश्नाशी काही संबंध असू शकतो, हे एकाही मुलाच्या मनात आले नाही. त्यानंतर मी क्रम उलटा केला: पदार्थ आधी हातात द्यायचा, मग त्याचे नाव सांगायचे आणि सूत्र सर्वांत शेवटी लिहायचे. नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

माझी सुरुवात चुन्याच्या निवळीने होते. पानाच्या टपरीवरचा चमचाभर चुना अर्धा लिटर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला आणि सकाळी वरचे स्वच्छ पाणी अलगद ओतून घेतले, की निवळी तयार होते. नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते आणि मुले वहीत ‘कॅल्शिअम कार्बोनेट’ असे लिहून मोकळी होतात. बहुतेक वर्गांत प्रयोग इथेच संपतो, पण खरी गंमत याच्या पुढे आहे. निवळीत चार-पाच पट शुद्ध पाणी घालून ती पातळ करावी आणि खाण्याचा सोडा व व्हिनेगर यांपासून निघणारा वायू तिच्यात बराच वेळ सोडत राहावा. दुधाळ झालेले पाणी हळूहळू पुन्हा नितळ होते, कारण न विरघळणाऱ्या कार्बोनेटचे विरघळणारे बायकार्बोनेट बनते. तेच पाणी उकळले की ते पुन्हा गढूळ होते. गिझरच्या कॉइलवर थर का चढतो, याचे उत्तर मुलांना त्या चंचुपात्रात दिसते. पातळ करण्यासाठी बोअरचे पाणी मात्र घेऊ नये; त्यात बायकार्बोनेट आधीच असल्यामुळे निवळी लगेच गढूळ होते आणि प्रयोग सुरू होण्याआधीच फसतो. मुले फुंकर घालणार असतील तर नळीतून पाणी ओढायचे नाही, ही सूचना दोनदा द्यावी.

एकदा मी शुक्रवारी केलेली निवळी उघड्या पात्रात तशीच राहू दिली. सोमवारी एका मुलाने जीव तोडून फुंकर घातली, तरी पाणी जेमतेम धुरकट झाले. “मॅडम, माझ्या श्वासात कार्बन डायऑक्साइड नाही का?” असे त्याने विचारले आणि वर्ग हसण्यात बुडाला. खरे तर दोन दिवस हवेतलाच कार्बन डायऑक्साइड निवळीत मुरत होता आणि पाण्यावर पापुद्रा धरला होता. मी तो पापुद्रा काडीने उचलून दाखवला, आणि ठरवलेल्या प्रयोगापेक्षा तो तास अधिक चांगला झाला. प्रयोग फसला तर तो झाकू नये. का फसला, हे वर्गालाच शोधायला लावावे.

भाषेची अडचण वेगळीच आहे. शहराच्या पूर्व भागातील अनेक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, शाळेत मराठी किंवा सेमी-इंग्रजी, आणि मोबाइलवर ती हिंदी व्हिडिओ पाहतात. मराठी पाठ्यपुस्तकात आम्लारी (बेस) आणि आम्ल यांच्या अभिक्रियेतून तयार होतो तो क्षार. हिंदीत मात्र क्षार म्हणजे अल्कली आणि आपल्या क्षाराला तिथे लवण म्हणतात. ‘मीठ हे क्षार आहे की आम्लारी?’ या प्रश्नावर हुशार मुलेही अडखळतात ती यामुळे, अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. मी पहिल्याच आठवड्यात तिन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहून तो तक्ता भिंतीवर लावते.

आपल्या गावचा धंदा वर्गात आणायला संकोच करू नये. ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन गमावणे) आणि क्षपण (इलेक्ट्रॉन मिळवणे) शिकवताना मी विचारते की सूत रंगवणाऱ्या रंगखात्यात कुणाच्या घरचे काम करतात. दोन-तीन हात हमखास वर येतात. “हायड्रो आणि कॉस्टिकच्या पाण्यातून सूत काढलं की हवेत रंग फिरतो,” असे एका मुलीने सांगितले होते. व्हॅट रंग एरवी पाण्यात विरघळत नाहीत; हायड्रो, म्हणजे सोडिअम हायड्रोसल्फाइट, आणि कॉस्टिक सोडा यांच्या पाण्यात त्यांचे क्षपण होऊन ते विरघळतात, धाग्यात शिरतात आणि हवेतील ऑक्सिजनने त्यांचे पुन्हा ऑक्सिडीकरण होऊन मूळ रंग परततो. तिला हे सगळे ठाऊकच होते. मी केवळ त्यातल्या क्रियांची नावे सांगितली.

समीकरण संतुलित करताना होणारी चूक ठरलेली असते: ऑक्सिजन जुळेना, म्हणून मुले पाण्याच्या सूत्रातच आणखी एक ऑक्सिजन घालतात आणि पाण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करून टाकतात. यासाठी मी शेंगदाणे आणि फुटाणे वाटते. शेंगदाणा हा ऑक्सिजन, फुटाणा हा हायड्रोजन. रेणूची पुडी बांधली की तिच्यात हात घालायचा नाही, हव्या तर आणखी पुड्या घ्यायच्या. सहगुणक (सूत्राच्या आधी लिहायचा अंक) आणि सूत्रातील अंक यांतला फरक असा बोटांना कळतो. तास संपेपर्यंत निम्मे अणू खाल्ले जातात, हे गृहीत धरूनच खरेदी करावी.

मोलसाठी मी मापनपात्रात 18 मिलिलिटर पाणी ओतून वर्गात फिरवते. टॉवेल डझनावर मोजतात, रेणू मोलवर, आणि या घोटभर पाण्यात 6.022 गुणिले 10 चा 23वा घात इतके रेणू आहेत, हे पात्र हातात असतानाच सांगावे.

एवढ्याला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे, कारण दहावीला विज्ञानाचे 40-40 गुणांचे दोन पेपर असतात आणि अभ्यासक्रम कुणासाठी थांबत नाही. मी प्रत्येक प्रयोगानंतर शेवटची दहा मिनिटे राखून ठेवते. त्यात मुले पाहिलेली अभिक्रिया आधी एका वाक्यात, मग शब्दसमीकरणात आणि मग सूत्रांत लिहितात. वह्या तपासताना मी प्रथम ते वाक्य वाचते, कारण वाक्य चुकलेले असेल तर सूत्र बहुधा शेजारच्या वहीतून आलेले असते.