स्वतःला बोल लावण्याआधी

मनात स्वतःविषयी उमटणारी कठोर वाक्ये बदलायची असतील, तर आधी ती शब्दशः पकडावी लागतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करताना दाखवून दिले की असे विचार आपोआप येतात आणि न तपासताच खरे मानले जातात. म्हणून वाक्य जसे सुचेल तसे, आपल्या बोलीतच वहीत उतरवावे. देवगडच्या बागायतदाराला ‘माझ्याच्यान कायच धड होणा नाय’ असेच ऐकू येत असेल, तर ते प्रमाण मराठीत सावरून लिहू नये.

समजा, अवकाळी पावसाने आणि धुक्याने त्याच्या हापूसचा मोहोर काळा पडला आहे. तुडतुडे या किडीसाठीची एक फवारणी आठवडाभर लांबली, ही घडलेली गोष्ट झाली. ‘कायच धड होणा नाय’ हा मात्र त्याने स्वतःवर मारलेला शिक्का आहे, आणि त्यातल्या ‘कायच’ने मागच्या हंगामात वाशीच्या बाजारात वेळेत पोहोचलेल्या पेट्याही पुसून टाकल्या. हेच गाऱ्हाणे घेऊन शेजारी आला असता, तर ‘पावसाक कोण काय करतलो?’ म्हणून त्याने आधी चहा पुढे केला असता आणि फवारणीचा विषय नंतर, हळूच काढला असता. त्याच सुरात स्वतःसाठी वाक्य लिहावे: ‘फवारणी लांबली ही माझी चूक, पाऊस माझ्या हातातला नव्हता, पुढच्या वर्षी औषध मोहोरापूर्वीच आणून ठेवीन.’ यात चूक झाकलेली नाही, हे महत्त्वाचे.

‘मी सर्वोत्तम आहे’ छापाची घोषवाक्ये घोकण्याचा सल्ला मला पटत नाही. २००९ मध्ये मानसशास्त्रज्ञ जोअॅन वुड आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात, आत्मसन्मान कमी असलेल्यांना अशा वाक्यांनी उलट अधिक वाईट वाटल्याचे दिसले. ज्यावर मन विश्वास ठेवील, तेवढेच लिहावे.

मुलांच्या बाबतीत अधिक जपावे. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात अव्वल येत असल्याने, इथे नापास झालेल्या मुलाला ‘सगळे सुटले, मीच तेवढा राहिलो’ असे वाटणे साहजिक आहे. त्यात घरच्यांनी ‘शेजारच्याचा बघ’ म्हटले की तेच वाक्य पुढे त्याच्या मनात कायमचे मुक्कामाला येते. अपयश आपल्या एकट्याच्याच वाट्याला येत नाही, ही जाणीव मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये मांडलेल्या आत्मकरुणेच्या, म्हणजे स्वतःशी मायेने वागण्याच्या, तीन घटकांपैकी एक आहे. मुलाला ती द्यायची, तर उपदेशापेक्षा आपला स्वतःचा हुकलेला पेपर किंवा गेलेली नोकरी सांगावी आणि पुरवणी परीक्षेचा अर्ज सोबत बसून भरावा.

स्वतःला दूषणे देणे दोन आठवड्यांहून अधिक चालले, झोप किंवा जेवण उडाले, तर वहीवर विसंबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल, तर दोन आठवडे थांबू नये, त्याच क्षणी फोन करावा.