पहिल्या पावसाआधी पंपाच्या मोटारीच्या स्टार्टर पेटीचं अर्थिंग तपासा

अर्थिंग म्हणजे पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेणारी जोडणी. जमीन कोरडी ठाक असते तेव्हा ते सगळ्यांत दुबळं असतं, म्हणून ते मापायची खरी वेळ हीच. पावसानंतर आकडा चांगला येतोच, पण तो फसवा.

आधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, तिन्ही फेज मेल्याची मीटरने खात्री करा. मग पेटी उघडा. दोष अनेकदा अर्थिंगच्या खड्ड्यात नसतो, अर्थच्या बोल्टखाली असतो. रंग न खरवडता लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) आवळला की तार रंगाला जोडली जाते, पत्र्याला नाही. लगापुरती जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीस लावा. बिजागरीच्या भरवशावर दार सोडू नका, ती गंजते. दार ते पेटी अशी लवचिक तार टाका; दार पूर्ण उघडलं तरी ती ताणली जाऊ नये. दार आणि अर्थचा बोल्ट यांच्यात मीटरने 1 ओहमपेक्षा कमी दाखवलं पाहिजे.

पेटी, मोटारीची बॉडी, लोखंडी पाइप हे सगळं एकमेकांना जोडलेलं हवं. थ्री फेजला खड्ड्यापर्यंत दोन स्वतंत्र तारा न्या. जीआयवर (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडावर) उघडं तांबं दाबून बसवलं की ओलाव्यात सांधा गंजतो, म्हणून कथिलाचा मुलामा असलेला लग वापरा. पेटी न्यूट्रलला मात्र कधीही जोडू नका. न्यूट्रल मागे कुठे तुटला की अख्खी पेटी जिवंत होते.

फेज आणि अर्थमध्ये 100 वॅटचा बल्ब लावून 'अर्थिंग उत्तम' म्हणणारे भेटतील. त्या बल्बचा रोध 500 ओहमच्या वर असतो. अर्थ 50 ओहमचा असला तरी तो लख्खच पेटणार. अर्थ मापायला अर्थ टेस्टरच, म्हणजे जमिनीच्या जोडणीचा रोध मोजणारं यंत्रच हवं.

आता हिशेब पाहा. फेज पेटीला चिकटला आणि जमिनीतून परतीच्या वाटेचा रोध 20 ओहम असला, तर 230 व्होल्टवर जेमतेम 11.5 अँपिअर वाहतात. 16 अँपिअरचा फ्यूज उडत नाही आणि पेटी तशीच जिवंत राहते. म्हणून नुसता खड्डा पुरत नाही, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच बसवा. तो वारंवार पडत असेल तर केबलचे जोड आणि मोटारीचं इन्सुलेशन तपासा. त्याला बगल देऊन मोटार चालवू नका. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. वीज असूनही तो पडला नाही, तर त्याच दिवशी बदला.