ट्रान्समीटर आणि रिसीव्हर बाइंड कसे करावे

बाइंड करणं म्हणजे हातातला रिमोट (ट्रान्समीटर) आणि विमानातला रिसीव्हर यांची ओळख जुळवणं. रिमोटवर उडणारं मॉडेल विमान बांधून झालंय, सर्व्हो (विमानाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटर) जागेवर आहेत, बॅटऱ्या चार्ज आहेत, असं धरून चालतो. प्रॉपेलर मात्र काढा. नट सैल करून ठेवू नका, मोटरवरून उतरवून बाजूला ठेवा. कारण पुढे येईलच.

आधी प्रोटोकॉल, म्हणजे दोघांची रेडिओ-बोली, बघा. रिमोट आणि रिसीव्हर दोन्हींवर २.४ गिगाहर्ट्झ छापलंय म्हणून ती एकमेकांशी बोलतील, हा समज कुठून येतो कोण जाणे. पट्टी एकच, पण प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. स्पेक्ट्रमची डीएसएमएक्स, फ्लायस्कायची एएफएचडीएस २ए, फुटाबाची टी-एफएचएसएस. एकाच घरातही भांडणं असतात. फ्लायस्कायचा जुना रिसीव्हर एएफएचडीएसवर चालणारा असेल, तर आय६ रिमोटच्या मेनूत २ए बंद करावं लागतं. फ्रस्कायमध्ये रिमोटवर एफसीसीचं (अमेरिकी नियमांचं) फर्मवेअर आणि रिसीव्हरवर युरोपचं असेल, तर ते जन्मात जुळत नाहीत. एक्सप्रेसएलआरएस या ओपन-सोर्स प्रणालीत एकीकडे आवृत्ती २ आणि दुसरीकडे ३, तरी तेच. अर्धा तास बटण दाबत बसण्याआधी एवढं तपासा. ‘रिसीव्हर मेलाय’ म्हणून मला दाखवलेले बहुतेक रिसीव्हर ठणठणीत निघालेत.

रिमोटमध्ये नवीन मॉडेल उघडा आणि थ्रॉटलची (मोटरचा वेग ठरवणाऱ्या स्टिकची) दिशा आत्ताच ठरवा. नंतर नव्हे.

आता बाइंड प्लग. हा म्हणजे सिग्नलची आणि ग्राउंडची पिन जोडणारा छोटासा पूल, त्यात बाकी काही नाही. तो रिसीव्हरवर जिथे ‘बाइंड’ किंवा ‘बी’ लिहिलंय तिथे खोचा. वीज ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) तीनपदरी वायरीतून थ्रॉटल चॅनेलला येऊ द्या. वायर उलटी लागली तर लाल मधोमध असल्याने सहसा काही जळत नाही, पण दिवाही लागत नाही. दिवा लागला नाही की पहिल्यांदा हेच बघा. काही रिसीव्हरना प्लगऐवजी बटण असतं. एक्सप्रेसएलआरएसवाल्यांनी वीज तीनदा झटपट चालू-बंद करायची, की दिवा दोन-दोनदा लुकलुकू लागतो.

रिसीव्हरचा दिवा भराभर लुकलुकायला लागला, की रिमोटचं बाइंड बटण दाबून धरून रिमोट चालू करा. काही रिमोटमध्ये हे मेनूतून होतं. दोघांत एक-दोन मीटर अंतर ठेवा. अँटेनाला अँटेना चिकटवून ‘जवळ असलं की लवकर पकडतं’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. इतक्या जवळून सिग्नलचा मारा होतो आणि रिसीव्हरला काहीच नीट ऐकू येत नाही. दिवा स्थिर झाला की प्लग काढा. तो आत राहिला, तर पुढच्या वेळी वीज देताच रिसीव्हर पुन्हा बाइंडला बसतो आणि आपण डोकं खाजवत राहतो.

बहुतेक लेख इथे संपतात. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं, कारण फेलसेफ राहिलाय.

सिग्नल तुटला की रिसीव्हरने काय करायचं, ते म्हणजे फेलसेफ. कोणी शेवटची स्थिती तशीच धरून ठेवतो, कोणी साठवलेल्या स्थितीवर जातो, कोणी सिग्नल देणंच थांबवतो. घोळ दुसऱ्या प्रकारात आहे. काही रिसीव्हर बाइंड होताना स्टिक जिथे असेल, तीच जागा फेलसेफ म्हणून लक्षात ठेवतात. त्यामुळे बाइंड करताना थ्रॉटल पूर्ण खाली हवा. हे सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही.

मी एकदा थ्रॉटल खाली ठेवूनच बाइंड केलं होतं. मग लक्षात आलं, की थ्रॉटल उलटा चालतोय. रिमोटमध्ये दिशा उलटवली, सगळं छान चालू लागलं. आता ही गंमत बघा: बाइंडच्या वेळी स्टिक खाली असताना रिसीव्हरकडे जात होते, समजा, १९०० मायक्रोसेकंद (स्टिकची जागा सांगणारं सिग्नलचं माप), आणि तेच त्याने साठवले. दिशा उलटवल्यावर खाली म्हणजे ११०० झाले आणि १९०० म्हणजे फुल थ्रॉटल. रिसीव्हरला या बदलाचा पत्ताच नाही. आवरताना मी आधी रिमोट बंद केला. विमान टेबलावरून सुटलं ते थेट पडद्यात. प्रॉपेलरने पडदा गुंडाळून घेतला आणि ईएससीतून धूर येईपर्यंत मी बॅटरीचा कनेक्टर ओढत होतो. हात मध्ये आला नाही, हे नशीब.

म्हणून थ्रॉटलची दिशा किंवा एंड पॉइंट (दोन्ही टोकांच्या मर्यादा) बदललेत, तर पुन्हा बाइंड करा. ज्यांचा फेलसेफ मेनूतून किंवा बटणाने ठरतो, त्यांनी तो पुन्हा ठरवा. दोन मिनिटांचं काम आहे, कुरकुरू नका.

आणि तपासा. पण थ्रॉटल खाली असताना रिमोट बंद करून ‘मोटर थांबलेलीच आहे की’ म्हणणं ही तपासणी नव्हे. शेवटची स्थिती धरून ठेवणारा रिसीव्हरही त्यात पास होतो. प्रॉपेलर काढलेला, विमान नीट धरलेलं, थ्रॉटल पाव भाग वर, मग रिमोट बंद. क्षणभरात मोटर थांबली पाहिजे. फिरत राहिली किंवा वेग वाढला, तर ते विमान उडवायचं नाही.

‘फेलसेफमध्ये थोडा थ्रॉटल ठेवा, विमान तरंगत राहील’ हा सल्लाही ऐकला असेल. ताबा सुटलेलं विमान तरंगत नेमकं कुठे जाणार, हे सल्ला देणाऱ्याला विचारा. मोटर बंद, ग्लायडर असेल तर हलकं वळण द्या, म्हणजे ते दूर जात नाही. फ्लाइट कंट्रोलर (विमान सांभाळणारा छोटा संगणक) बसवलेला असेल, तर त्याला सिग्नल गेल्याचं कळलं पाहिजे. अशा वेळी रिसीव्हरने गप्प राहिलेलंच बरं.

अँटेना दोन असतील तर एकमेकींशी काटकोनात, कार्बन फायबरपासून दूर. टोकाचा साधारण ३१ मिलिमीटरचा उघडा भाग हीच खरी अँटेना. तो मुडपू नका, कापू तर अजिबात नका.

यापुढे चालू करताना आधी रिमोट, बंद करताना रिमोट शेवटी.

मैदानावर प्रॉपेलर लावल्यावर रेंज चेक करा. रिमोट रेंज मोडमध्ये (यात सिग्नल मुद्दाम कमी होतो) टाका, विमान दुसऱ्याला मागून घट्ट धरायला सांगा आणि तीस पावलं लांब जाऊन सगळे सर्व्हो हलवून बघा. एकदा मोटर बंद ठेवून, एकदा चालू ठेवून. मोटर चालू होताच सर्व्हो थरथरू लागले, तर रिसीव्हर ईएससीपासून लांब सरकवा.