मनगट दुखतंय? आधी कीबोर्डचे मागचे पाय मिटा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात सुरू झाले की अडत दुकानात दिवसभर हिशोबाच्या पट्ट्या टाइप करणाऱ्या पोरांच्या मनगटावर क्रेप बँडेज दिसू लागतं. वर बाम. दोन्हींचा फारसा उपयोग नाही, कारण दुखणं बसण्यात असतं.

खुर्ची आधी. आपली टेबलं साधारण 75 सेंटिमीटर उंच असतात; वही लिहायला ठीक, टायपिंगला उंच. खुर्ची वर घ्या, कोपर काटकोनात येऊ द्या, पाय लोंबकळले तर खाली घरातला पाट ठेवा. स्क्रीन नाकासमोर. झालं.

खरा घोळ मनगटाचा, आणि माझंही घोडं इथेच अडलं होतं. कीबोर्ड उलटा करून बघा, मागच्या कडेला दोन छोटे पाय असतात. अक्षरं नीट दिसतात म्हणून जो तो ते उघडतो. त्याने पंजा मनगटातून वर मुडपतो. मनगटाच्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) आणि एक नस, म्हणजे मज्जातंतू, जाते. मनगट मुडपलं की तिथला दाब वाढतो आणि ती नस चेपते. तेव्हा पाय मिटा. अक्षरं दिसत नाहीत ही सबब चालणार नाही.

मग टाइप करण्याच्या स्थितीत हात ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी पंजाच्या पाठीपासून कोपराच्या दिशेने फूटपट्टी ठेवायला सांगा. मनगटापाशी पट्टीखाली फट दिसली तर मनगट अजून मुडपलेलंच आहे. अशा वेळी कीबोर्डच्या पुढच्या, म्हणजे आपल्याकडच्या कडेखाली वर्तमानपत्राची घडी सारा. दिसायला विचित्र दिसतं, दिसू दे. कीबोर्डपुढे ठेवायची जेलची उशी घेतलीच असेल तर तिच्यावर तळहाताची टाच टेका, तीही थांबल्यावर. मनगट रोवून टाइप करायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

इन्स्क्रिप्टवाल्यांसाठी, म्हणजे त्या प्रमाणित मराठी कीबोर्ड मांडणीवर टाइप करणाऱ्यांसाठी, वेगळं. ख, थ, भ, फ ही अक्षरं उजव्या हाताकडे आहेत, तेव्हा शिफ्ट डाव्या करंगळीनेच दाबा. एकाच हाताने दोन्ही दाबायला गेलात की पंजा आडवा ताणला जातो. करंगळी दुखत असेल तर विंडोजमध्ये शिफ्ट सलग पाच वेळा दाबून स्टिकी कीज चालू करा. मग शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. आणि जुन्या टाइपरायटरवर शिकलेल्यांनी बटणं बडवणं सोडावं.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होऊन झोपमोड होत असेल, तर मालीशवाल्याकडे नको, डॉक्टरकडे जा. मिरज काही लांब नाही. मुंग्या करंगळीला येत असतील तर बहुधा ती नस वेगळी, कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी. टेबलाच्या कडेवर कोपर टेकून बसणं आजच बंद करा.